आमच्या घरचे संत जोसेफ वाझ

मंडळाच्या अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून द्या, असं सरांनी सांगितलं तेव्हा वर्गात पटापट नावं आली. मी मात्र गप्प होते. माझ्या मनात जे नाव होतं ते मी पुस्तकात वाचण्याआधी चुलीजवळ बसून ऐकलं होतं. शिवाय या वर्षी १६ जानेवारीला असं काही घडलं की ते चरित्र मलाच नव्याने समजून घ्यावं लागलं. म्हणून मी लिहिते आहे ते चरित्र आहे आणि आमच्या घरची हकिगतही आहे. दोन्ही वेगळं करता आलं नाही.

माझं गाव बाजारकुणंग, जोयडा तालुका. गोव्याची हद्द जवळ, काळी नदीचा उगम आमच्याच बाजूला दिग्गीजवळ, आणि चारी बाजूंनी जंगल. घरात कोंकणी, माझं शिक्षण मराठीत, आणि सरकारी कागद आला की तो कन्नडमध्ये. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याएवढी. चर्च लांब. पावसाळ्यात तर रविवारची मिस्सासुद्धा चुकते. त्यामुळे संतांचे सण आमच्याकडे घरातच होतात. ८ सप्टेंबरला सायबिणीचा जन्मदिवस आला की आम्ही पोरं रानातली फुलं गोळा करून आल्ताराला वाहणार आणि नव्या भाताची लोंबी घरात येणार. २४ जूनला सांजांवला डोक्यावर वेलीपानांचा मुकुट. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर. आणि १६ जानेवारीला संत जोसेफ वाझ. हा शेवटचा सण आमच्या आजोबांचा. आम्ही त्यांना शापाय म्हणायचो.

शापायने या सणाचे तीन नियम केले होते. पहिला, त्या संध्याकाळी सगळ्यांनी अनवाणी चालत शेताच्या कडेच्या कुरसापर्यंत जायचं. दुसरा, जेवणाच्या आधी प्रत्येकाने वाटीभर उकड्या तांदळाची पेज प्यायची, मग बाकीचं. तिसरा नियम म्हणजे खेळ. एका मुलाने अंगावर गोणपाट घ्यायचं, गळ्यात रोझरी घालायची आणि दाराशी येऊन काही न बोलता भीक मागायची. घरातल्यांनी रोझरी ओळखली तर त्याला आत घ्यायचं. का, ते सांगण्यासाठी मग गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात शापाय गेला. संक्रांतीला जोडून मी घरी गेले होते. आईने सांगितलं, काकाची दोन्ही मुलं वाट बघतायत, या वेळी गोष्ट तू सांग. मला वाटलं, त्यात काय, पाठच आहे. ते तसं नव्हतं.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१चा, गोव्यात साष्टीतल्या बाणावली गावी, आईच्या माहेरी. वडिलांचं नाव क्रिस्तोव्हांव वाझ, गाव सांकवाळ. आई मारिया दे मिरांदा. बाणावलीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, त्यांचा जन्म झाला तेव्हा शिवाजी महाराज एकवीस वर्षांचे होते. अफझलखानाचा वध झाला तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा. घरची भाषा कोंकणी. पोर्तुगीज ते सांकवाळला शिकले, लॅटिन बाणावलीला. पुढे जुन्या गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि नंतर डॉमिनिकनांच्या सेंट थॉमस अकादमीत तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकून ते १६७६ साली धर्मगुरू झाले.

धर्मगुरू झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पायातल्या वहाणा काढल्या. ज्या लोकांत काम करायचं ते अनवाणी, मग आपण का नको, एवढंच कारण. आमच्या अनवाणी चालण्याचं मूळ हे. त्यांनी सांकवाळला मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. सुखवस्तू ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला, शिकलेला, चांगलं प्रवचन करणारा तरुण पाद्री. गोव्यातच राहिला असता तर आयुष्य सोपं गेलं असतं.

पण १६८१ साली त्यांना कानड्यात पाठवलं गेलं. कानडा म्हणजे आमच्या आजच्या उत्तर कन्नडपासून मंगळूरपर्यंतचा किनारा. तिथे तेव्हा केळदीच्या राणी चेन्नम्माचं राज्य होतं. हीच ती चेन्नम्मा, जिने पुढे १६८९ साली जिंजीकडे निघालेल्या राजाराम महाराजांना आसरा दिला. आमच्या भागातल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. दोन वेगवेगळ्या पुस्तकांतली माणसं एकाच रस्त्याने गेली, याची गंमत त्यांना वाटते.

कानड्यात त्यांच्यापुढे अडचण होती ती आपल्याच लोकांची. पूर्वेकडच्या चर्चचा कारभार पोर्तुगालच्या राजाच्या हक्कात होता, आणि रोमने त्याच प्रदेशासाठी वेगळा बिशप थेट नेमलेला. दोघांचाही दावा होता की अधिकार आपला. गावागावांतले ख्रिस्ती दोन गटांत वाटले गेले. वाझ गोव्याच्या बाजूने आलेले, पण भांडण वाढवायला ते आले नव्हते. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर असा किनारा ते पायी फिरले, पडलेली चर्चं उभी केली, छोट्या शाळा काढल्या, गुलाम झालेल्यांना पैसे भरून सोडवलं. मंगळूरजवळ मुडिपूला आजही त्यांच्या नावाचं देवस्थान आहे आणि लोक तिथे जातात.

१६८४ साली ते गोव्याला परतले. जुन्या गोव्यात होली क्रॉस ऑफ मिरॅकल्स चर्चजवळ काही गोमंतकीय पाद्री एकत्र राहत होते. त्या काळी युरोपीय संन्यासी संघांत आपल्या लोकांना सहसा घेत नसत. काळ्या पाद्र्याने गोऱ्याच्या हाताखाली राहायचं, अशीच रीत. म्हणून या लोकांनी आपलाच संघ केला. वाझ त्यांच्यात गेले, संत फिलिप नेरींच्या नियमावर १६८५ साली ओरेटरी उभी राहिली, आणि ते तिचे प्रमुख झाले. हा भाग शापाय फार अभिमानाने सांगायचा. आपण आपलं केलं, असं त्याचं म्हणणं.

आता खरी गोष्ट. श्रीलंकेचा किनारा पूर्वी पोर्तुगिजांकडे होता. डचांनी तो जिंकला, १६५८ साली जाफनाही पडलं. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना देशाबाहेर काढलं, मिस्सा बंद केली, पाद्र्याला घरात लपवणाऱ्यालाही शिक्षा ठेवली. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिक घरांना धर्मगुरूच मिळाला नाही. ही बातमी गोव्यात ऐकून वाझ अस्वस्थ झाले होते. १६८६ साली त्यांनी प्रमुखपद सोडलं आणि निघाले. सोबत जुआंव नावाचा तरुण सेवक. कानडा, कोची, कोल्लम असं करत तुतिकोरिन. तिथून हमालाच्या वेशात, जवळ मिस्सेचं थोडं सामान लपवून, १६८७ साली ते जाफन्याच्या बाजूला पोचले.

पोचले ते आजारीच. हगवणीने दोघंही आडवे झाले. परक्या मुलखात, भाषा अर्धवट, ओळखपाळख कुणाची नाही. सांगतात की एका बाईने त्या दिवसांत त्यांना रोज पेज आणून दिली आणि तिच्यामुळे ते जगले. तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. शापाय म्हणायचा, नाव नसलेल्या त्या बाईचाही हाच सण. म्हणून आधी पेज.

बरे झाल्यावर प्रश्न आला की कॅथलिक घर शोधायचं कसं. विचारलं तर पकडले जाणार. विचारणार तरी कुणाला? मग त्यांनी गळ्यात रोझरी घातली आणि भिकारी होऊन दारोदार फिरू लागले. ज्या घराला ती माळ म्हणजे काय हे कळत होतं त्या घरातल्या माणसाची नजर बदलायची. असं करत करत एक घर सापडलं, मग दुसरं. सिल्लालाई नावाच्या गावात त्यांना आसरा मिळाला. रात्री मिस्सा, रात्री बाप्तिस्मे, उजाडायच्या आत पुन्हा भिकारी.

खेळ आमच्या मुलांना फार आवडतो. या वर्षी काकाचा धाकटा भिकारी झाला होता. गोणपाटात तो इतका गुंडाळला होता की दाराशी अडखळला. थोरलीने रोझरी बघितली, आत ओढलं, आणि सगळे हसले. इथपर्यंत सगळं शापायच्या वेळेसारखंच झालं.

मग मी पुढचं सांगायला घेतलं. १६८९च्या नाताळात जाफन्याला शिपायांनी धाडी घातल्या. मिस्सेला जमलेल्या अनेकांना पकडलं, काहींना फटके दिले. वाझ मात्र हाती लागले नाहीत. शापाय इथे नेहमी शिपायांच्या टाचांचा आवाज काढायचा आणि आम्ही घाबरून एकमेकांना धरायचो. मी आवाज काढला नाही. बहुधा म्हणूनच धाकट्याला विचार करायला वेळ मिळाला. त्याने विचारलं, ते शिपाई कोणत्या धर्माचे होते?

शापायच्या गोष्टीत ते फक्त गोरे शिपाई असायचे. आम्ही कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. मी आईकडे बघितलं. ती पेजेचं भांडं घासत होती, मान वर केली नाही. क्षणभर वाटलं, विषय बदलावा. नऊ वर्षांचं पोर आहे. पण आपण शिकतो कशाला मग? मी सांगितलं, तेही ख्रिस्तीच होते. येशूलाच मानणारे. फक्त त्यांचा पंथ वेगळा आणि त्यांचा व्यापार मोठा. कॅथलिक म्हणजे पोर्तुगिजांचे हेर, अशी त्यांना भीती होती.

धाकट्याला हे पटलं नाही. आपलेच आपल्याला कसे पकडतील? थोरली म्हणाली, आपले नव्हते, दुसरे होते. मग दोघांचं जुंपलं. मी म्हटलं, थांबा, अजून एक माणूस यायचा आहे.

तो माणूस म्हणजे कँडीचा राजा. बेटाचा मधला डोंगराळ भाग डचांच्या हातात नव्हता. तिथे बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य राज्य करत होता. जाफन्यात राहणं अशक्य झाल्यावर वाझ पुत्तलमला गेले आणि १६९२ साली कँडीला निघाले. पण एका फ्रेंच माणसाने राजाच्या कानात भरवलं की हा पोर्तुगीज हेर आहे. राजधानीत शिरतानाच वाझ आणि जुआंव कैद झाले. कैदेत बसून त्यांनी काय केलं असेल? सिंहली भाषा शिकले. तमिळ आधीच येत होतं. कोंकणी, पोर्तुगीज, लॅटिन, तमिळ आणि आता सिंहली. पहारा हळूहळू सैल झाला, त्यांनी एक झोपडी बांधून तिथे प्रार्थना सुरू केली, आणि शहरातले लपलेले कॅथलिक तिथे यायला लागले.

पुढे मोठा दुष्काळ पडला. सगळ्यांच्या प्रार्थना झाल्या. राजाने वाझ यांनाही सांगून पाठवलं. त्यांनी उघड्यावर कुरीस उभा केला, गुडघे टेकले, आणि पाऊस आला, असं परंपरा सांगते. मी मुलांना एवढंच सांगितलं की त्यानंतर राजाने त्यांना राज्यात कुठेही हिंडायची मोकळीक दिली. बौद्ध राजाने.

मला स्वतःला पावसापेक्षा १६९७ जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या साली कँडीत देवीची साथ आली. राजा शहर सोडून गेला, श्रीमंत गेले, घरच्या माणसांनी आजाऱ्यांना रानात नेऊन ठेवलं. वाझ आणि त्यांच्या नात्यातले फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. दोघे घरोघर आणि रानात जाऊन आजाऱ्यांना धुवत, भरवत, मेलेल्यांना पुरत. हा कॅथलिक, तो बौद्ध, असं काही बघितलं नाही. कोविडच्या वेळी शेजारच्या घराकडेसुद्धा बघायला आपण किती घाबरत होतो, हे थोरलीला आठवत होतं. ती गप्प झाली.

तेवढ्यात दार वाजलं. खरंच. शेजारच्या काकू तिळगुळाचा डबा घेऊन आल्या होत्या, संक्रांतीला आमच्याकडे कुणी नव्हतं म्हणून दोन दिवस उशिराने. मुलांना वाटलं मीच हे ठरवून केलंय. तसं काही नव्हतं. काकू बसल्या, त्यांनाही पेज दिली, आणि बाकीची गोष्ट त्यांनी पण ऐकली.

बाकीच्या गोष्टीत मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते असं. वाझ एकटे सगळीकडे पुरणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं. गोव्याहून हळूहळू ओरेटरीचे आणखी धर्मगुरू आले तरी एका गावाला वर्षातून एकदा पाद्री मिळाला तर नशीब. म्हणून त्यांनी गावातल्या साध्या माणसांना तयार केलं. मुप्पू आणि अण्णावी म्हणत त्यांना. पाद्री नसताना त्यांनी प्रार्थना घ्यायची, मुलांना शिकवायचं, सण पाळायचे, आजाऱ्याजवळ बसायचं. प्रार्थना तमिळ आणि सिंहलीत, म्हणजे आजीलाही कळतील आणि नातवालाही. याच संघातले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस १६०५ नव्हे, १७०५ साली तिथे पोचले (शंभर वर्षांची ही चूक मी मुलांसमोर केली आणि थोरलीने पकडली). त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं की सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे ते जनक मानले जातात. वाङ्मय मंडळाच्या अंकात हे सांगायलाच हवं. एका गोव्याच्या माणसाने परक्या भाषेत साहित्य उभं केलं, आणि त्यासाठी वाट पाडली ती भिकाऱ्याच्या वेशातल्या दुसऱ्या गोवेकराने.

पण मला अण्णावींबद्दलच जास्त विचार करावासा वाटतो. पाद्री येण्याच्या आधी ती तीस वर्षं त्या घरांत श्रद्धा टिकवली कुणी? रोझरी ओळखणारी नजर तयार कशी झाली? कुणीतरी आईने, आजोबाने दार लावून मुलांना ती माळ दाखवली असणार, हिचं नाव काय, ती कशी म्हणतात, हे शिकवलं असणार. तसं झालं नसतं तर वाझ जाफन्याच्या गल्ल्यांतून महिनोन्‌महिने फिरले असते आणि कुणीही त्यांना आत घेतलं नसतं. घरातला सण ही छोटी गोष्ट आहे असं मला आधी वाटायचं. चर्चला जाता येत नाही म्हणून केलेली सोय. आता तसं वाटत नाही.

वाझ यांना बिशप करायची गोष्ट निघाली होती. त्यांनी ती नाकारली. चोवीस वर्षं ते त्या बेटावर राहिले, गोव्याला परत आलेच नाहीत. तब्येत खचली तरी शक्य होतं तेवढं काम चालू ठेवलं. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत ते वारले, वय एकोणसाठ. त्यांना तिथेच पुरलं, पण ती जागा पुढे विसरली गेली. आज त्यांची कबर कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूसमध्ये आहे, दर दहा वर्षांनी दर्शनाला लाखो लोक येतात. जोसेफ वाझ यांच्याकडे जायचं तर जायला कबरच नाही. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केलं, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर संत. मी तेव्हा चौथीत होते. शापायने त्या दिवशी शेजारच्या सगळ्या घरांत उकडलेली मुडली वाटली. मुडली म्हणजे आमच्याकडचा अळूचा मोठा कंद, जानेवारीत निघतो. पेढे परवडत नाहीत म्हणून नव्हे, तर आपलं जे आहे ते वाटावं म्हणून, असं त्याने बजावून सांगितलं होतं.

गोष्ट संपल्यावर धाकट्याने पुन्हा तोच प्रश्न घेतला. आपले कोण मग? जे येशूला मानतात ते, की ज्यांनी आत घेतलं ते? माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, वाझ यांनी दोघांसाठीही प्रार्थना केली असणार, आपणही करू. त्याने मान हलवली, पण समाधान झालं असं मला वाटलं नाही. काकू निघाल्या तेव्हा तोच गोणपाट बाजूला टाकून, अनवाणीच, मुडलीचं ताट घेऊन त्यांना त्यांच्या दारापर्यंत सोडायला गेला. अंधार होता, आई मागून ओरडली, पायात काहीतरी घाल. त्याने घातलं नाही.

रात्री लादाय्न म्हणायची वेळ आली. शापायची जागा रिकामी होती. काका म्हणाला, सुरू कर. मी आधी कधी पुढे होऊन म्हटली नव्हती. आवाज नीट लागला नाही, दोन ठिकाणी चुकले, थोरलीने सावरून घेतलं. पण संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

तुमच्या घरीही असा एखादा सण असेल, कोणत्याही धर्माचा. कुणीतरी म्हातारं माणूस तो चालवत असेल. जमलं तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून सगळं विचारून घ्या, का अनवाणी, का पेज, का गोणपाट. नियम लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणीतरी तुम्हालाच सुरू कर म्हणेल. आणि लहान मुलं काय विचारतील याची थोडी तयारी ठेवा. मी पुढच्या १६ जानेवारीची आतापासून करते आहे.